रोमला जाण्याआधी काय बुक करावं, काय मोकळं सोडावं

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, आम्ही चौघं इटलीला जायचं म्हणतोय. मी, माझे मिस्टर, नववीतली लेक आणि ७० वर्षांच्या सासूबाई. सात रात्री आहेत, टूरबरोबर नाही, आपले आपण. मिस्टरांनी एक्सेलची शीट केली आहे. रोम चार रात्री, फ्लॉरेन्स एक, व्हेनिस दोन. सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत एकही तास रिकामा नाही. कोलोसियम संध्याकाळी पाचला, व्हॅटिकनचं म्युझियम रविवारी सकाळी, अशी सगळी आखणी झाली आहे. ‘तिकडे आधी बुक केलं नाही तर काहीच मिळत नाही’ असं त्यांना ऑफिसातल्या लोकांनी सांगितलंय, त्यामुळे रात्रीची जेवणंसुद्धा आत्ताच बुक करायची आहेत. उलट माझी मैत्रीण म्हणते, काहीही बुक करू नका, तिथे गेल्यावर सगळं मिळतं. व्हिसा अजून व्हायचाय. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण उत्साह दांडगा आहे. त्यांना पोप बघायचेत. खरंच काय काय आधी बुक करायला हवं? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे मिस्टर आणि तुमची मैत्रीण, दोघांचंही बरोबर आहे, फक्त वेगवेगळ्या जागांबद्दल. रोममध्ये काही ठिकाणी रोज ठराविकच माणसं आत घेतात आणि तीही ठरलेल्या वेळेला. तिथे आधी नाव लावलं नसेल तर दारातून परत यावं लागतं. पण त्याच शहरात अशाही जागा आहेत की कुणीही, कधीही, एक पैसा न देता आत जावं आणि जगातली उत्तम चित्रं, उत्तम शिल्पं बघत उभं राहावं. शीटमध्ये या दोन्ही प्रकारांना एकसारखी वागणूक मिळाली आहे, अडचण तिथे आहे. तुमच्या प्रवासात वेळ ठरवून बुक कराव्यात अशा जागा मला रोममध्ये तीन आणि फ्लॉरेन्समध्ये फार तर दोन दिसतात. बाकीचे तास पुसून टाका असंच मी सांगेन.

पण त्याआधी व्हिसा. तो हातात येईपर्यंत जिथून पैसे परत मिळणार नाहीत अशा कशातही पैसे घालू नका. इटलीसाठी शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) लागतो, त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात, पण काही प्रकरणांत ते ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतात. शिवाय दिवाळीच्या आधीच्या महिन्यांत अपॉइंटमेंट मिळवायलाच धावपळ होते, म्हणून जुलैत अपॉइंटमेंट बघायला लागा आणि ऑगस्टपर्यंत अर्ज आत जाऊ द्या. जून २०२४ पासून मोठ्यांची फी ९० युरो आहे. निम्मी फी १२ वर्षांखालच्या मुलांनाच लागते, म्हणजे लेकीचीही पूर्ण भरायची. व्हिसा केंद्राचा सेवा आकार वेगळा. अर्जासोबत विमान आणि हॉटेलचं बुकिंग दाखवावं लागतं, पण पैसे भरून झालेलं, परत न मिळणारं तिकीट त्यासाठी लागत नाही. हॉटेल मोफत रद्द करता येईल असं निवडा आणि रद्द करण्याची शेवटची तारीख शीटमध्ये ठळक लिहा. विमानाचं तिकीट रिफंडेबल घ्या, किंवा एजंटाकडून काही दिवस रोखून ठेवा. आत्ता स्वस्त मिळतंय म्हणून चौघांचं नॉन-रिफंडेबल तिकीट काढून ठेवायचा मोह होतो. चार व्हिसांपैकी एक अडकला तरी त्या स्वस्ताईचं काय होईल याचा हिशोब करा.

विमाही आत्ताच बघा, कारण सासूबाई ७० वर्षांच्या आहेत. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण लागतं, तेवढं बहुतेक पॉलिसींत असतं. खरा प्रश्न आधीपासूनच्या आजारांचा. रक्तदाब, मधुमेह, गुडघे, जे काही असेल ते फॉर्मवर लिहा आणि त्यावरचे उपचार पॉलिसीत बसतात की नाही हे विमा कंपनीकडून लेखी घ्या. संग्रहालयाच्या तिकिटांपेक्षा या एका गोष्टीवर जास्त वेळ घालवलात तरी मला आनंद होईल.

व्हिसा आधी आणि तिकिटं नंतर, हे वेळापत्रक रोमच्या बाबतीत आपोआपच जुळतं. व्हॅटिकन म्युझियमची तिकिटं साधारण ६० दिवस आधी विक्रीला येतात, म्हणजे तुमच्यासाठी गणपतीच्या आसपास. कोलोसियमची ३० दिवस आधी, म्हणजे नवरात्राच्या सुमारास. त्यामुळे ‘आत्ताच सगळं बुक करून टाकू’ म्हटलं तरी अधिकृत तिकीट जूनमध्ये मिळायचंच नाही. जूनमध्ये कुणी नोव्हेंबरच्या कोलोसियमचं ‘कन्फर्म’ तिकीट देऊ करत असेल, तर तो मध्यस्थ आहे आणि त्याने त्याचा भाव लावलेला आहे.

कोलोसियमबद्दल सविस्तर सांगते, कारण लोक सर्वांत जास्त इथेच अडकतात. ही तिकिटं इतकी भराभर संपत की इटलीच्या स्पर्धा आयोगाने चौकशी केली. एप्रिल २०२५ मध्ये तिकीटविक्री सांभाळणारी आधीची संस्था आणि काही टूर कंपन्या यांना मिळून जवळपास दोन कोटी युरोंचा दंड झाला. साधी तिकिटं घाऊक उचलून, गाइड वगैरे जोडून महागात विकली जात होती, असा ठपका होता. आता तिकिटावर नाव असतं आणि ते ओळखपत्राशी ताडून बघतात. म्हणून कोलोसियमच्या अधिकृत साइटवरूनच तिकिटं घ्या. सर्चमध्ये सर्वांत वर दिसणाऱ्या साइट बऱ्याचदा जाहिरातवाल्यांच्या असतात, त्यांची नावंही फसवी असतात. साध्या तिकिटाला १८ युरो पडतात आणि त्यातच शेजारचा रोमन फोरम (प्राचीन रोमच्या चौकाचे अवशेष) आणि पॅलाटाइनची टेकडी येते. १८ वर्षांखालच्यांना, मग ते कुठल्याही देशाचे असोत, सरकारी जागांमध्ये प्रवेश मोफत आहे. पण मोफत म्हणून लेकीला वगळू नका. तिचंही शून्य किमतीचं तिकीट त्याच बुकिंगमध्ये घ्यावं लागतं. सासूबाईंना मात्र ज्येष्ठ नागरिक म्हणून सवलत मिळणार नाही, पूर्ण तिकीट धरा.

नावावरून आपल्या लोकांचा हमखास घोळ होतो. कुणाच्या पासपोर्टवर पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, कुणाचं आडनाव लग्नाआधीचंच राहिलेलं असतं, आणि बुकिंग करताना आपण सवयीने बँकेत लिहितो तसं लिहितो. चारही पासपोर्ट समोर ठेवून अक्षर न् अक्षर तसंच भरा. हाच नियम विमानाला, हाच रेल्वेला.

कार्डाचंही आधी बघून ठेवा. आपल्याकडच्या डेबिट-क्रेडिट कार्डांवर परदेशातले व्यवहार बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन ते सुरू करावे लागतात. तिकिटं खुली झाल्यावर, हव्या त्या वेळेचा स्लॉट हातात असताना पेमेंट फेल होणं फार जिवाला लागतं. आदल्या दिवशी मर्यादा वाढवून ठेवा. तिकडे गेल्यावरही ओटीपी इथल्याच नंबरवर येणार, तेव्हा ज्या नंबराला कार्ड जोडलंय त्याचं रोमिंग चालू हवं.

आता शीटमधली पाचची वेळ. युरोपात ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर रोममध्ये पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि कोलोसियम साडेचारलाच बंद होतं. आत सोडतात ते साडेतीनपर्यंतच. मे महिन्यात गेलेल्या कुणाच्या अनुभवावरून शीट बनली असेल तर ही चूक होणारच, उन्हाळ्यात तिथे संध्याकाळपर्यंत उजेड असतो. तुम्ही सकाळी साडेनऊ-दहाचा स्लॉट घ्या. कोलोसियममध्ये लिफ्ट आहे, सासूबाईंना वर जाता येईल. फोरमची वाट मात्र उंचसखल दगडांची आहे आणि पॅलाटाइन म्हणजे चढच. तिथे सगळ्यांनी जायलाच हवं असं नाही. बापलेक जाऊन येतील. तुम्ही दोघी जवळच्या सान पिएत्रो इन विंकोली चर्चमध्ये जाऊन बसा. तिथे मायकेलअँजेलोने घडवलेला मोझेसचा पुतळा आहे, तिकीट नाही. टेकडीवरच्या त्या चर्चच्या दारापर्यंत टॅक्सी घ्या.

तारखाही तपासा. महिन्याच्या पहिल्या रविवारी इटलीतली सरकारी संग्रहालयं मोफत असतात. कोलोसियमही असतं, पण त्या दिवशी आधी बुकिंग होत नाही आणि रांग लांबच लांब लागते. ७० वर्षांच्या बाईंना त्या रांगेत उभं करून चोपन्न युरो वाचवू नका.

व्हॅटिकन म्युझियमची गोष्ट वेगळी, कारण व्हॅटिकन हा वेगळा देश आहे आणि त्याचे नियम त्याचे. रविवारी ते बंद असतं. अपवाद फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. त्या दिवशी अर्धा दिवस मोफत प्रवेश असतो आणि गर्दी बघवत नाही. तुमच्या शीटमधला रविवार महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यातला आहे, म्हणजे दार बंदच मिळेल. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, तेव्हाही बंद. मंगळवार किंवा गुरुवार सकाळ धरा. तिकीट २० युरो आणि आगाऊ बुकिंगचे ५ युरो वर. हे पाच युरो डोळे मिटून भरा, कारण बिनबुकिंगची रांग भिंतीच्या कडेने कोपरा वळून लांबवर गेलेली असते. लेकीला इथे मोफत नाही, सवलतीचं तिकीट मिळेल. ‘स्किप द लाइन’ म्हणून कुणी दुप्पट पैसे मागितले तर एवढं लक्षात ठेवा, की तुमचं पाच युरोवालं तिकीट तीच रांग चुकवतं, आणि सुरक्षा तपासणीची रांग कुणालाच चुकत नाही.

आत चालणं पुष्कळ आहे. सिस्टिन चॅपेल अगदी शेवटाकडे येतं आणि तिथे पोचेपर्यंत माणसं दमून जातात. ज्यासाठी आलो ते छत बघायला मान वर करायचं त्राण राहत नाही. मायकेलअँजेलोने १५०८ ते १५१२ अशी चार वर्षं ते छत रंगवलं. समोरच्या भिंतीवरचा ‘अंतिम न्याय’ त्याने त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी काढला. लेकीला हे आधी सांगून ठेवा आणि एकाच माणसाच्या दोन वयांतले दोन हात तिला शोधू द्या. सासूबाईंसाठी म्युझियमची व्हीलचेअर घ्या. ओळखपत्र ठेवून ती मोफत मिळते. त्या नको म्हणतील. ‘लांबच्या गॅलऱ्यांपुरती बसा, चॅपेलमध्ये उठून उभ्या राहा’ असं सांगून बघा. कपड्यांचा नियम खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत एवढाच आहे, साडीला काहीच अडचण नाही. चॅपेलमध्ये फोटो काढू देत नाहीत.

सेंट पीटर्सच्या मुख्य चर्चला प्रवेश मोफत आहे, रांग आहे ती सुरक्षा तपासणीची. ते सकाळी सातला उघडतं. जेटलॅगमुळे पहिले दोन दिवस तुम्ही पहाटे चारलाच जागे व्हाल, त्याचा उपयोग करून घ्या. सातला पोचलात तर मायकेलअँजेलोच्या ‘पिएता’ या शिल्पासमोर निवांत उभं राहता येईल, दहानंतर तेच दर्शन लोकांच्या डोक्यांवरून घ्यावं लागतं. घुमटाच्या ५५१ पायऱ्या आहेत. लिफ्ट घेतली तरी ३२० उरतात आणि वरचा जिना अरुंद, तिरका होत जातो. लेकीला जाऊ द्या.

पोप बघायची सासूबाईंची इच्छा तर एकही तिकीट न काढता पुरी होण्यासारखी आहे. पोप रोममध्ये असले की रविवारी दुपारी बाराला ते सेंट पीटर्सच्या चौकावरच्या एका खिडकीत येतात, प्रार्थना सांगतात आणि आशीर्वाद देतात. चौकात कुणीही जाऊन उभं राहावं. दर बुधवारी सकाळी मोठी सभा असते, तिचीही तिकिटं मोफत असतात आणि व्हॅटिकनच्या कार्यालयाकडे आधी मागावी लागतात, पण त्यात कितीतरी तास जातात. शिवाय सभा संपेपर्यंत चर्चही बघता येत नाही. मी तुमच्या जागी असते तर रविवारच धरला असता. शीटमधला तो म्युझियमचा रविवार नाहीतरी रिकामा झालाच आहे. साडेअकराला चौकात जा, खांबांच्या कमानीखाली सासूबाईंना टेकायला जागा बघा. त्या रविवारी पोप दौऱ्यावर नाहीत ना, एवढं आदल्या आठवड्यात व्हॅटिकनच्या साइटवर बघून घ्या. पैसे मागून ‘पोपदर्शनाचं तिकीट’ विकणाऱ्यांकडे बघूही नका.

तिसरी जागा बोर्गेझे गॅलरी, ती शीटमध्ये आहे का हे पत्रावरून कळलं नाही. नसेल तर व्हेनिस काढून ती घाला असं मी म्हणेन. बुकिंगशिवाय तिथे जाण्यात अर्थ नाही. दोन-दोन तासांच्या पाळीने मोजकीच माणसं आत घेतात आणि दोन तास झाले की बाहेर पडावं लागतं. हीच तिची खुबी आहे, कारण गर्दी नसते. बर्निनीचं ‘अपोलो आणि डॅफ्ने’ हे शिल्प तिथे आहे. पळणाऱ्या मुलीच्या बोटांना पानं फुटतायत, पायाभोवती साल चढतेय आणि हे सगळं संगमरवरात, इतक्या पातळ कडेने की उजेड आरपार दिसतो. कितीही चित्रं बघितलेली असोत, तिच्याभोवती फिरल्याशिवाय ती कळत नाही. सोमवारी बंद असते. व्हॅटिकनची तिकिटं घ्याल तेव्हाच हीही बघा. मोठ्या पर्स, पिशव्या बाहेर ठेवाव्या लागतात. बाहेर मोठी बाग आहे, तिथे उरलेली दुपार घालवा.

‘रोमा पास’ घेऊ का, असं मिस्टर विचारतील. ७२ तासांच्या पासमध्ये पहिल्या दोन जागा मोफत आणि बस-मेट्रो असते, व्हॅटिकन नसतं, आणि पास असला तरी कोलोसियम-बोर्गेझेची वेळ वेगळी बुक करावीच लागते. लेकीला तर सरकारी जागा मोफतच आहेत. तुमच्या चालीने फिरणाऱ्यांना तो परवडत नाही.

आता ज्याला बुकिंग लागत नाही त्याबद्दल, कारण रोम खरं तर तेच आहे. काराव्हाज्जोची चित्रं बघायला लोक जगभरातल्या संग्रहालयांच्या रांगा लावतात. रोममध्ये ती ज्या चर्चसाठी काढली त्याच भिंतींवर आहेत. पियाझ्झा नव्होनाजवळच्या सान लुइजी देई फ्रान्चेझी चर्चमध्ये संत मॅथ्यूची तीन चित्रं आहेत. अंधाऱ्या कोनाड्यात दिवा लावायला पेटीत नाणं टाकावं लागतं, म्हणून एक-एक युरोची सुट्टी नाणी खिशात असू द्या. तिथून थोड्याच अंतरावर सांत’अगोस्तिनो चर्च आहे. तिथल्या चित्रात दारात उभ्या मेरीपुढे दोन म्हातारे यात्रेकरू गुडघे टेकून बसलेत आणि त्यांचे धुळीने मळलेले तळपाय अगदी आपल्या डोळ्यांसमोर येतात. त्या काळी त्या पायांवरून बरीच कुरबुर झाली होती. पंढरपूरला पोचलेल्या वारकऱ्याच्या टाचा ज्यांनी पाहिल्यात त्यांना ते चित्र कुणी समजावून सांगावं लागत नाही. सासूबाईंना तिथे न्याच. या चर्चमध्ये घाई करून चालत नाही, आणि दुपारी साधारण साडेबारा ते साडेतीन-चार ती बंद असतात, म्हणून सकाळी किंवा दुपारच्या झोपेनंतर जा.

पँथिऑन या घुमटाच्या प्राचीन देवळाला जुलै २०२३ पासून ५ युरो तिकीट आहे. ते एक-दोन दिवस आधी फोनवरून काढलं तरी चालतं. महिनाभर आधी काढून दिवस बांधून घेऊ नका, कारण नोव्हेंबर हा रोमचा पावसाळी महिना आहे. आणि पाऊस पडत असताना पँथिऑनमध्ये जाणं हे तर भाग्य. घुमटाला वर मधोमध भोक आहे, त्यातून सरी सरळ आत पडतात आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातात. जवळजवळ १९०० वर्षं हे चाललंय. असा पाऊस आला की त्या दिवशीचा कार्यक्रम सोडून तिकडे जाता यायला हवं. शीटमधले तास रिकामे ठेवा म्हणते ते यासाठीच. दिवसाला एक ठरलेली वेळ पुरे. ती सकाळी ठेवा. दुपारी सासूबाईंना आडवं होऊ द्या. संध्याकाळी कारंजी, चौक, ट्रास्तेव्हेरे या जुन्या वस्तीतल्या गल्ल्या, जसं मनात येईल तसं.

पहिल्या दिवशी तर काहीच नको. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर बाहेरच्या प्रवाशांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे विमानतळावर किती वेळ लागेल हे आधी सांगता येत नाही. उतरल्यावर तीन तासांनी कुठलं तिकीट असेल तर विमानातच जीव टांगणीला लागेल. विमानतळावरून शहरात यायलाही काही बुक करायला नको. फ्युमिचिनो विमानतळावरून जुन्या तटबंदीच्या आतल्या भागात यायला पांढऱ्या अधिकृत टॅक्सीचा ठरलेला दर ५५ युरो आहे, त्यात सामानही आलं. थेट रेल्वेचं तिकीट माणशी १४ युरो, म्हणजे चौघांचे ५६. रेल्वे स्टेशनवर सोडते, टॅक्सी दारात. फक्त टॅक्सीत बसण्याआधी ‘पंचावन्न ना?’ असं विचारून घ्या आणि टर्मिनलच्या आत येऊन ‘टॅक्सी, टॅक्सी’ करणाऱ्यांच्या मागे जाऊ नका.

राहण्याच्या जागेबद्दल एकच गोष्ट बजावून सांगते : लिफ्ट. रोमच्या मधल्या भागातल्या इमारती जुन्या आहेत. फोटोत सुंदर दिसणारं अपार्टमेंट तिसऱ्या मजल्यावर, उंच दगडी जिन्याचं निघतं. लिफ्ट आहे ना आणि ती रस्त्यापासून वर जाते ना (काही ठिकाणी लिफ्टपर्यंतच दहा पायऱ्या असतात) हे मालकाला लिहून विचारा. सकाळचा चहा, रात्रीचा वरणभात करता येईल असं छोटं स्वयंपाकघर असलं तर तुमचा अर्धा ताण जाईल. रोम महापालिकेचा पर्यटक कर माणशी, रात्रीप्रमाणे वेगळा द्यावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत दिसत नाही.

आणि जेवणं? एखादं नावाजलेलं ठिकाण मनात असेल तर एक संध्याकाळ बुक करा. बाकी नको. रोमची माणसं आठ-साडेआठनंतर जेवायला बसतात. तुम्ही साडेसातला, दार उघडताच गेलात तर टेबल मिळतं. कुठल्या दिवशी पाय कुठे दुखतील हे जूनमध्ये ठरवून शहराच्या दुसऱ्या टोकाला जेवणाचं टेबल राखून ठेवू नका. सासूबाई पक्क्या शाकाहारी असतील तर पेकोरिनो आणि पार्मेझान चीजमध्ये कोकराच्या किंवा वासराच्या पोटातलं रेनेट (दूध साकळवणारा रस) असतं हे माहीत असू द्या. नुसत्या टोमॅटो-लसणाचा मरिनारा पिझ्झा, भाज्या, ऑलिव्ह तेलातला पास्ता हे निर्धास्त.

राहता राहिलं व्हेनिस आणि फ्लॉरेन्स. सात रात्रींत तीन शहरं म्हणजे दोन दिवस बॅगा भरण्यात आणि स्टेशनांवर. व्हेनिस म्हणजे पायऱ्यांचे पूल, त्यात नोव्हेंबर हा भरतीचं पाणी चौकात चढण्याचा काळ. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथे या वेळी नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. रोम पाच रात्री आणि फ्लॉरेन्स दोन करा. व्हिसाच्या अर्जात हाच बदललेला कार्यक्रम जाऊ द्या. फ्लॉरेन्समध्ये अकादेमिया संग्रहालयातला मायकेलअँजेलोचा डेव्हिड आणि उफिझी हे चित्रसंग्रहालय, दोन्हींची वेळ आधी घ्या आणि दोन्ही सोमवारी बंद असतात हे लक्षात ठेवून मुक्काम आखा. एकच जमणार असेल तर लेकीला विचारून ठरवा.

रोम ते फ्लॉरेन्स जलद गाडीने दीड तास. या गाड्यांचे दर विमानासारखे चढतात, तेव्हा व्हिसा आल्याबरोबर तिकिटं काढा. पण सर्वांत स्वस्त दराला बदल चालत नाही. थोडे जास्त देऊन वेळ बदलता येईल असं तिकीट घ्या. इटलीत रेल्वेचे संप होतात, त्यांची तारीख आधी जाहीर होते. निघण्याच्या आठवड्यात तेवढं बघा आणि परतीच्या विमानाच्या दिवशीच फ्लॉरेन्सहून रोमला यायचं ठेवू नका. फ्लॉरेन्स मधल्या दिवसांत उरका, सुरुवात आणि शेवट रोममध्ये ठेवा.

मिस्टरांची शीट टाकू नका, तिच्यात तास काढून तारखा भरा. व्हिसाची अपॉइंटमेंट, हॉटेल रद्द करण्याची मुदत, व्हॅटिकन आणि बोर्गेझेसाठी साठावा दिवस, कोलोसियमसाठी तिसावा. त्या दोन सकाळी चार पासपोर्ट, परदेशी व्यवहार चालू असलेलं कार्ड आणि शांत डोकं घेऊन लॅपटॉपसमोर बसायला घरात एक माणूस लागतो. ज्यांनी इतक्या मन लावून प्रत्येक तास भरला, त्यांनाच हे काम द्या.